उतारावर वेळ मोजू नका

महोदय,
डोंगराळ रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत मी नुकताच हौशी गटातून उतरलो होतो. अशा शर्यतींत कौतुक होते ते चढाचे, आणि ते रास्तच आहे. सपाटीवर पुढच्याच्या चाकामागे राहिले की वाऱ्याचा मार वाचतो. आठ-दहा टक्क्यांच्या चढावर वेगच इतका पडतो की त्या आडोशाचा फारसा उपयोग उरत नाही. तिथे गाठ गुरुत्वाकर्षणाशी असते. पुढच्या दातेरी चक्राला ३४ आणि मागच्याला ३२ दात, असा पायडल मारायला हलका गिअर असूनही माझ्या मांड्या पेटल्या होत्या.

पण खरी भीती वाटली ती उतारावर. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे वेग, दमलेले हात, आणि वळणावर पसरलेली बारीक खडी. ब्रेक वळणात शिरण्याआधी दाबायचा असतो, हे नवख्यांना सांगतो कोण? माझ्या पुढचा एक तरुण तिथेच घसरला. खरचटण्यावर निभावले, पण त्या वळणावर ना झेंडा होता ना स्वयंसेवक.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने वेगासाठी सीट सोडून सायकलच्या आडव्या दांडीवर बसून उतरण्यास २०२१ मध्ये बंदी घातली. तो खबरदारीचा विचार हौशी शर्यतींतही यायला हवा. काही ठिकाणी माथ्यावर वेळमोजणी थांबवून पायथ्याशी पुन्हा सुरू करतात. त्यामुळे उतारावर जिवावर उदार होण्याचे कारणच राहत नाही. सर्वच आयोजकांनी ही पद्धत स्वीकारावी आणि आदल्या दिवशी वळणे झाडून घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक हौशी सायकलपटू