रणांगणाला तटबंदी नसते

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ आपल्या राज्यातले. नोंद झाली ती 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून. नावात भूप्रदेश, पण आत सगळे किल्लेच. साल्हेरच्या किंवा प्रतापगडाच्या पायथ्याची जागा गडाच्या पुण्याईने वाचेलही. उघड्या माळावर झालेल्या लढायांचं काय?

कायद्याला धरायला काहीतरी लागतं: भिंत, लेणं, शिलालेख, निदान अवशेष. प्राचीन स्मारकांच्या जतनाचा केंद्राचा १९५८चा कायदा घ्या की आपला १९६०चा, नुसत्या नांगरट रानापुढे दोन्ही अवघडतात. म्हणून रणांगणांचं जतन आणि ती लोकांना उलगडून सांगणं, यासाठी स्वतंत्र अनुदान योजना हवी, एवढंच मागणं आहे.

जालना जिल्ह्यातली असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३. शिंद्यांवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला वाटाडे सांगत होते की इथे केळणा नदीला उतार, म्हणजे चालत पार होण्याजोगी जागा, नाही. त्याला मात्र दिसलं, दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. म्हणजे माणसांची ये-जा असणार, म्हणजे उतारही असणार. होताच. तिथून फौज पार नेऊन तो केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिरला. शिंद्यांच्या कंपूंनी, म्हणजे कवायती पलटणींनी, मोहरा फिरवून नवी फळी धरली. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. मेल्याचं सोंग घेऊन पडलेल्यांपैकी काही नंतर उठले आणि पुढे गेलेल्या इंग्रज फौजेवर पाठीमागून त्याच तोफा डागू लागले. इंग्रजांच्या बाजूला मद्रासचे शिपाई होते आणि शिंद्यांच्या कंपूंवर पोलमन हा जर्मन अंमलदार. 'आपले' आणि 'त्यांचे' इतकं सरळ ते नव्हतं, आणि फलकावर हे यायला हवं.

पण फलकाआधी जागा. काठावर उभं राहून पलीकडचं गाव दिसलं, तरच वेलस्लीचा तर्क कळतो. वाळू उपसून पात्र बदललं, मधे गोदामं उभी राहिली, की उरतं ते पुस्तकातलं वाक्य.

अमेरिकेत यासाठी राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत अनुदानं मिळतात. जमीन घ्यायची तर केंद्राचा वाटा जास्तीत जास्त निम्मा, आणि तीही राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच. रणांगण समजावून सांगण्यासाठी वेगळं अनुदान आहे. इंग्लंडमध्ये १९९५ पासून रणांगणांची अधिकृत नोंदवही आहे. आपल्याकडे 'भूसंपादन' हा शब्द उच्चारलात तर गावकरी फलक उखडून टाकतील, आणि त्यांचं चुकणार नाही. शेत शेतकऱ्याचंच राहू द्या, तो कसत राहू दे. बांधकाम न करण्याचा मोबदला त्याला करार करून द्या.

एक विनंती फार मनापासून: पहिला हप्ता कमानीवर आणि पुतळ्यावर खर्चू नका. आधी पाहणी करा. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणांगणावर १९८३ मध्ये गवताला वणवा लागला, जमीन उघडी पडली. मग पुरातत्त्वज्ञांनी सापडलेल्या काडतुसांची जागा नकाशावर मांडली आणि कोण कुठून कुठे सरकलं हे त्यावरून जुळवलं. गोळी नेमकी कुठे सापडली, हेच तिचं मोल. कुणी ती उचलून खिशात टाकली की हातात नुसतं शिसं राहतं. त्यामुळे नोंद होण्याआधी कमानीच्या पायासाठी जेसीबी लागला, तर अनुदानानेच रणांगण पुसलं असं होईल.

सुरुवात तीन ठिकाणांपासून करता येईल: असई, खर्डा (१७९५) आणि पालखेड (१७२८). पालखेडला बाजीरावाने निजामाला पाण्यावाचून कोंडलं. तिथल्या पाहणीत तलवारी-गोळ्यांच्या आधी जुने पाणवठे, ओढे आणि विहिरी नोंदवायला सांगा. बुजवल्या जातात त्या आधी विहिरीच.

कळावे,
आपला एक इतिहासप्रेमी नागरिक