वेष्टनही संगीताइतकेच जपावे

महोदय,

जुन्या रॉक अल्बमच्या विनाइल तबकड्या पुन्हा निघत असताना त्यांच्या वेष्टनाचीही तितकीच निगा राखली जावी, असे मला कळकळीने वाटते. सुपरट्रॅम्प या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७९ मधील ‘ब्रेकफास्ट इन अमेरिका’च्या मुखपृष्ठावर स्वातंत्र्यदेवतेच्या जागी डायनरमधली, म्हणजे साध्या अमेरिकी उपाहारगृहातली, वेट्रेस उभी असून तिच्या उंचावलेल्या हातात मशालीऐवजी संत्र्याच्या रसाचा पेला आहे, आणि मागचे मॅनहॅटन पांढऱ्या रंगात रंगवलेल्या बाटल्या, खोकी व काटे-चमच्यांनी उभारलेले आहे. इथल्या डायनरमध्ये अंडी-टोस्ट खाता खाता आम्ही मित्र हे बारा इंची चित्र न्याहाळत बसतो. मोबाइलच्या पडद्यावर त्यातले बारकावे हरवूनच जातात. ग्रॅमी मिळवणाऱ्या या वेष्टनाची नवी छपाई मूळच्याच स्पष्टतेने व्हावी आणि माइक डाउड व मिक हॅगर्टी या त्याच्या कर्त्यांची नावे ठळकपणे द्यावीत.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी