जुन्या बाजारातल्या काकांना: तुमचे २०० रुपये माझ्याकडे आहेत

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. आपण तासभर उन्हात उभे होतो, चहा झाला, तुम्ही मला अहो ताईवरून अगंवर आलात, तरी माझ्या ते डोक्यात आलं नाही. म्हणून हे असं जाहीर पत्र. ओळख पटावी म्हणून सांगते: मंगळवार पेठेतला जुना बाजार, नोव्हेंबरातला रविवार. तुमच्या हातात दाराची पितळी कडी होती आणि तिचा जोडीदार मिळेना म्हणून तुम्ही वैतागला होतात. मी शेजारच्या पथारीवर लाल काचांची दुर्बीण डोळ्याला लावून उभी होते.

"लाल काच दिसायला झकास, पण आतून सगळं हिरवट दिसतं ताई," तुम्ही म्हणालात. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पुण्यात न विचारता मिळणारे सल्ले मी सहसा ऐकून सोडून देते. पण त्याआधी वर्षभर मी "१०० पट" लिहिलेली एक कोरी दुर्बीण घरबसल्या मागवून पस्तावले होते. तिच्यातून पक्षी दिसण्याऐवजी माझ्या हाताचा थरथराटच दिसायचा. तुम्ही सांगितलंत, हातात धरायची तर ८ पट, फार तर १०. त्यापुढे तिपाई लागते. हे मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही पथारीवरचा ढीग उपसलात. एकीवर 'झाईस' लिहिलेलं होतं, ती तुम्ही नुसती उचलून परत ठेवलीत. "जर्मनीतल्या येनाची खरी झाईस कंपनीची दुर्बीण प्लॅस्टिकची नसते." दुसरी हातभर लांब धरून आभाळाकडे रोखलीत आणि मला डोळ्याकडच्या काचेत दिसणारे उजेडाचे ठिपके बघायला लावलेत. कडेने करडे, चौकोनी कापल्यासारखे. म्हणजे आतल्या लोलकाची काच हलकी. मग ती काळी, कातडं सुटलेली ८×३० निघाली, म्हणजे ८ पट आणि पुढची भिंगं ३० मिलिमीटरची. तिचे ठिपके पुरते गोल होते, भाकरीच्या चंद्रासारखे. मधल्या बिजागरीच्या टोकाला बारीक अक्षरात 'जे-बी' आणि एक आकडा. जपानी, तुम्ही लगेच ओळखलंत.

मोठ्या भिंगाकडून मोबाइलची बॅटरी मारून आत डोकावायचं, हे तर मी आता येईल त्याला शिकवते. थोडी धूळ होती. मी नाक मुरडलं तर तुम्ही म्हणालात, "धूळ असू दे, तिनं काही बिघडत नाही. कोळिष्टकासारखं जाळं दिसलं तर मात्र हात जोडायचे." आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या भिंगाला बुरशी धरते आणि ती काच खाते, तेव्हा कळलं.

समोरची विजेची तार बघायला लावलीत तो क्षण मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब नेली, तरी तार एकच राहिली. मागच्या ढिगातल्या एकीत तीच तार वर-खाली दोन झाली होती. जवळ धरल्यावर डोळे ओढाताण करून त्या दोन तारांची एक करतात आणि अर्ध्या तासाने कपाळ ठणकतं, हे तुम्ही स्वतःच्या कपाळावर बोट आपटून सांगितलंत.

मला ५० ची मोठी भिंगं हवी होती. "पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुलीच तेवढी उघडत नाही, मग वजन कशाला गळ्यात?" मी ४३ ची आहे काका. पण घेतली ८×३० च.

पथारीवाला तोवर तापला होता. "काका, धंद्याचा टाइम आहे!" त्याला तुम्ही चहा पाजलात आणि ४५०० चे २८०० करून घेतलेत. माझ्याकडे रोख २६०० होते, त्याला स्कॅन चालत नव्हतं. उरलेले तुम्ही खिशातून काढून दिलेत, आणि मी पिशवी सावरेपर्यंत गर्दीत गायब.

फोकसचं चाक अजून जड फिरतं, वंगण सुकलंय. स्वतः उघडू नकोस, लोलक हलला की संपलं, हे लक्षात ठेवलंय. पट्टा चांभाराकडून नवा करून घेतला. पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवल्यात.

जानेवारीत पुण्याजवळ कवडीला नदीकाठी पक्षी बघायला गेले. नदीला फेस होता, प्लॅस्टिक होतं, वास तर होताच. त्या सगळ्यात एक शेकाट्या उभा. त्यानं गुलाबी पाय पाण्यातून उचलला आणि बोटांवरून थेंब ओघळला. तो थेंब मला दिसला, काका. आधीच्या दुर्बिणीत मी पाय मोजायलासुद्धा चाचपडत होते.

चार रविवार तुम्हाला शोधलं. पथारीवाला म्हणतो, तुम्ही आता बुधवारी येता. पैसे त्याच्याकडे ठेवायला तो आनंदाने तयार आहे, पण त्याचा तो आनंद बघूनच मी ठेवले नाहीत. येत्या बुधवारी अर्धी रजा टाकली आहे. दहाच्या सुमाराला त्याच पथारीपाशी असेन, गळ्यात दुर्बीण. कडीचा जोडीदार मिळाला नसेल तर तोही मिळून शोधू.

तुमची,
दुर्बीणवाली