आईच्या शस्त्रक्रियेत मदत करणाऱ्या सर्वांचे आभार

आमच्या आईच्या लाळग्रंथीतील खडा ठाण्यात शस्त्रक्रियेने निघाला, त्याबद्दल ज्यांची नावेही विचारता आली नाहीत अशा सर्वांचे मनःपूर्वक आभार. असे बहुतेक, म्हणजे सुमारे ८० टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात आणि लाळेची वाट अडल्याने जेवताना, विशेषतः आंबट खाताना, तिथे सूज येऊन कळा येतात. ग्रंथी न काढता, जिभेला संवेदना देणारी नस जपत, तोंडातूनच नलिका उघडून खडा काढणाऱ्या शल्यविशारदांचे कौशल्य आम्हाला फार मोलाचे वाटते. रात्री वारंवार येऊन आईला धीर देणाऱ्या परिचारिकाताई आणि भर पावसात भाडे न घेता नौपाड्यात घरापर्यंत सोडणारे रिक्षावाले दादा, आम्ही तुमचे ऋणी आहोत.