टाकीत कोणतं औषध सोडतोय, ते आम्हाला कळू द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी उदगीर तालुक्यातला शेतकरी. करारावर चार हजार ब्रॉयलरचं शेड सांभाळतो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, राखण आमची. तिसऱ्या आठवड्यात मरतुक वाढली की सुपरवायझर बाटली देतो, ती टाकीत ओतायची. लेबल इंग्रजीत. आजारी पक्षी वीस असतात, औषध चार हजार पितात.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याला आठवडाभर ताप आणि जुलाब. तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला, आणि त्या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालत नाही असा रिपोर्ट आला. आमच्या बाटलीवर एन्रोफ्लॉक्सासिन. दोन्ही एकाच कुळातली. एकाला सरावलेला जंतू बहुधा दुसऱ्यालाही दाद देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो जंतू आमच्याच शेडमधला होता असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून बाटली उघडताना हात अडखळतो.

औषधानं कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. शिवाय औषधाला न जुमानण्याची ही ताकद पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असते, आणि ते कडं जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो. कोलिस्टिन हे दवाखान्यातलं अगदी शेवटचं औषध. त्यालाही न जुमानण्याची ताकद देणारा, अशाच कड्यावरचा जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडला. आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिन बंद झालं, ते योग्यच झालं.

नीट शिजवलेल्या कोंबडीतला जंतू मरतो. मला घोर आहे तो कोंबडखताचा. बॅच उचलली की तुसासकट खत ट्रॉलीनं कोथिंबिरीच्या रानात जातं, कित्येकदा न कुजवताच. ती कोथिंबीर आपण पोह्यांवर कच्ची भुरभुरतो.

२०१२ च्या नियमाप्रमाणे औषध दिल्यावर पक्षी कापायला किती दिवस थांबायचं ते लेबलवर हवं. ते ठरलेलं नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस. आमचा पक्षी चाळिसाव्या दिवशी गाडीत चढतो. एकविसाव्या दिवशी औषध दिलं तर हे २८ दिवस आणायचे कुठून?

म्हणून प्रत्येक करार-शेडवर मराठीत कार्ड लावणं कंपनीला बंधनकारक करा: औषधाचं नाव, दिल्याची तारीख, थांबायचे दिवस. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मेलेला पक्षी तिथं न्यावा, जंतू कशाला दाद देतो ते आधी बघावं, मगच औषध टाकीत जावं. त्या तपासणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी नको. खत कुजवल्याशिवाय शेडबाहेर जाऊ नये, हेही त्याच आदेशात घाला.

माझी नवी बॅच पुढच्या सोमवारी उतरतेय. पहिलं कार्ड माझ्या शेडवर लावायची माझी तयारी आहे.

आपला,
उदगीर तालुक्यातील एक कुक्कुटपालक