पानं गळल्यावर ये

सावदा,
फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. "आता तिकडे बघायला काय उरलं असेल, सगळं वाळलं असेल," हे तुझं वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाही. तू इथलाच, आणि असं म्हणतोस?

थंडी गेली. या वर्षी केळीला चांगलाच चरका बसला, पानं पिवळी पडली, वाढ थांबली; आता कुठे बागा सावरायला लागल्यात. सकाळी अजून अंगावर शाल लागते, पण दहा वाजता ऊन पाठीला टोचतं. आपल्याकडचा वसंत म्हणजे शाल आणि टोपी यांच्यामधले हे पंधरा-वीस दिवस. तेवढ्यातच सगळं घडतं रे.

गेल्या रविवारी पहाटेच हतनूर धरणावर गेलो होतो, चांगदेवच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ. पौषात तिथे पट्टकादंबांचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या रानहंसांचा, मोठा थवा होता. परवा मोजले तर अकरा. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. बराच वेळ ते काठच्या गवतात चरत होते. मग एकाने मान ताठ केली, दुसऱ्याने केली, आणि घशातून आवाज काढत सगळे एकदम उठले. पाण्यावर एक फेरी मारली आणि सातपुड्याच्या निळ्या रेघेकडे निघून गेले. पुढे हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडच्या तळ्यांवर त्यांची अंडी-पिल्लं व्हायची. त्या दिवशी ते कदाचित पुढच्या धरणावरच उतरले असतील, पण मी मात्र तेव्हाच त्यांना निरोप देऊन टाकला. चक्रवाक अजून आहेत थोडे. तलवार बदकं जवळजवळ गेलीच.

आता वाईट बातमी. तुमच्या बांधावरचा पळस, ज्याला तुझी आजी 'पयस' म्हणायची, तो अर्धा जळाला. माघात कुणीतरी बांधावरचं वाळकं गवत पेटवलं आणि आग सांभाळली नाही. पूर्वेकडच्या फांद्या कोळसा झाल्यात. मी दोन दिवस तिकडे फिरकलो नाही, बघवेना. मग गेलो, तर पश्चिमेची बाजू नखशिखांत फुललेली! एकही पान नाही, नुसत्या केशरी चोची. मी खाली तासभर बसलो. पळसमैनांचा थवा आला, भांडला, फुलं पाडून गेला. एक खार फूल दोन्ही हातांत धरून मध चाटत होती, मिशांना पिवळे पराग. आणि अगदी हाताच्या अंतरावर एक शिंजीर. नर होता, पण पूर्ण रंगात आलेला नव्हता. छाती अजून हिवाळ्यातली, मळकट पिवळी, मधोमध काळी रेघ. डोक्यावर, खांद्यावर मात्र जांभळी पिसं उगवून चमकत होती. ऋतू बदलतो म्हणतात तो मला त्या बोटभर पाखराच्या अंगावर बघायला मिळाला.

आणि तुझ्या वाळलेल्या जंगलाबद्दल. माघात तोरणमाळला जाऊन आलो. शहाद्याकडून वर चढताना साग उघडे पडायला लागलेले, पायाखाली पानांचा कुरकुर आवाज. तिथे रानपिंगळा पाहिला, विन्या! भर सकाळी, उघड्या फांदीवर. आपल्या वाड्यातल्या पिंगळ्यासारखाच, पण डोकं मोठं, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर रुंद तपकिरी पट्टा आणि खाली पांढरंशुभ्र पोट. शेपटी सारखी झटकत होता. मग दगडासारखा खाली पडला आणि सरडा घेऊन वर आला. 1884 साली याच खानदेशात त्याचा शेवटचा नमुना, म्हणजे संग्रहासाठी मारलेला पक्षी, मिळाला होता. त्यानंतर तो जगातून गेलाच असं धरलं गेलं. सलीम अलींनाही सापडला नाही, कारण एका इंग्रज अधिकाऱ्याने चोरलेल्या नमुन्यावर खोटं ठिकाण लिहून ठेवलं होतं आणि शोध भलतीकडेच चालला. ही लबाडी अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केली, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा दिसला. 113 वर्षं! आपण दोघं तेव्हा तिथून एस.टी.ने जात-येत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता.

आता सांग, पानं असती तर मला तो दिसला असता का? पावसाळ्यात हेच रान हिरवंगार असतं आणि चार हातांपलीकडचं काही दिसत नाही. पानगळीतच सांगाड्यासारख्या झाडांवर घरटी दिसतात, ढोल्या दिसतात, कोण कुठे राहतं ते कळतं.

म्हणून म्हणतो, होळीच्या आधी ये. पुढच्या आठवड्यात सातपुड्यात आदिवासींचे होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार भरतील, ढोल खालपर्यंत ऐकू येतील. मोहाच्या फांद्यांना कळ्या धरल्यात. पहाटे टपटप फुलं पडायला लागली की पाल गावाच्या बाजूला जाऊ, पण उजाडल्यावरच, अस्वलांनाही मोह आवडतो. रात्रीच्या गाडीने भुसावळला उतर, मी मोटारसायकल घेऊन येतो. भरताची वांगी अजून आठ-दहा दिवस चांगली मिळतील, कळण्याच्या भाकरीचं आईने आधीच कबूल केलंय.

पळसाच्या जळक्या बाजूला एका फांदीवर नखाएवढा हिरवा कोंब दिसल्यासारखा वाटतो. काळी पडलेली साल अजून खरवडून पाहिली नाही. तू आलास की दोघं मिळून बघू.

बाकी भेटीअंती.

तुझा,
अशोक