फिल्म धरणाऱ्या मुलीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला दातांच्या एक्स-रेवरचा लेख वाचला. पेशंटने घाबरू नये, हे त्यातलं म्हणणं मला मान्य आहे. एका दाताच्या छोट्या फोटोला काही मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळालेली किरणं मोजायचं माप) लागतात, आणि जगातल्या माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी दोन-तीन हजार मायक्रोसिव्हर्ट मिळतात. मुळाशी पू झाला असेल तर फोटो काढायलाच हवा. पण अर्ध्या पानाच्या लेखात खुर्चीतल्या पेशंटशिवाय दुसरं माणूसच नाही. शेजारी, त्याच्या तोंडात एक्स-रेची फिल्म धरून उभी असलेली मुलगी कुठे गेली?

ती मुलगी माझ्या घरातली आहे, म्हणून विचारतो. माझी भाची शहरातल्या एका दवाखान्यात असिस्टंट आहे. तिच्या आईनं विड्या वळून तिला बारावीपर्यंत शिकवलं. पोरगी तंबाखूच्या धुळीतून सुटली, याचा माझ्या बहिणीला केवढा आनंद! आणि इथं काय चाललंय? लहान मूल रडायला लागलं, म्हाताऱ्या माणसाला उमासे आले, की डॉक्टर तिला म्हणतात, तू धर. ती पेशंटच्या तोंडात बोट घालून सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी आलेली इलेक्ट्रॉनिक पट्टी, दाबून धरते आणि डॉक्टर बटण घेऊन दाराबाहेर जातात. मी रागावलो तर म्हणाली, "मामा, छोटं मशीन आहे की. काही होत नाही म्हणतात सर." काही होत नसेल तर सर बाहेर का जातात?

मी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात नोकरी करून निवृत्त झालो. आपला हात किरणांच्या झोतात घालायचा नाही, हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं होतं. अंतर दुप्पट झालं की किरणं चौथाईवर येतात, म्हणून सहा फूट लांब किंवा आडोशाला उभं राहायचं. लेखातला मायक्रोसिव्हर्टचा आकडा अख्ख्या शरीराच्या हिशेबाचा आहे. थेट झोतात धरलेल्या बोटाच्या कातडीला तो लावता येत नाही. शिवाय पेशंटचा फोटो कधीतरी निघतो, भाचीचं बोट रोज तिथं असतं. न्यू ऑर्लिन्सचे डॉ. एडमंड केल्स हे दातांचा एक्स-रे काढणाऱ्या पहिल्या पिढीतले. हाताला कॅन्सर झाला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, 1928 मध्ये ते गेले. तेव्हाची यंत्रं आजच्यापेक्षा कितीतरी जास्त किरणं सोडायची, हे खरं. पण बोट झोतात घालायची सवय आजही तीच आहे.

सेन्सर धरायला प्लास्टिकचा होल्डर मिळतो, पेशंट तो दातांनी चावून धरतो. मूल फारच लहान असेल तर सोबतच्या आई-वडिलांनी शिशाचा एप्रन घालून, हात झोताबाहेर ठेवून त्याला आधार द्यावा. रोज तिथं काम करणाऱ्या माणसानं नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये पेशंटला एप्रनची गरज नाही म्हटलं, ते तुम्ही चौकटीत छापलंत. झोत आयताकृती नळीने दाताएवढा मर्यादित ठेवा, असंही त्यांनीच सांगितलं आहे, ते मात्र गाळलंत. दातांच्या यंत्राचीसुद्धा अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते. त्या मंडळाचं नावही लेखात नाही.

आणि त्याच पानावर खाली शिबिराची जाहिरात: येणाऱ्या प्रत्येकाचा ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) मोफत! आधी डॉक्टरांनी तोंड बघायचं, गरज वाटली तरच फोटो काढायचा, हा या कामातला पहिला नियम आहे. सरसकट सगळ्यांना किरणं कशासाठी? वर सुरक्षिततेचा लेख आणि खाली ही जाहिरात, हे पान छपाईला जाण्याआधी कुणीतरी वाचायला हवं होतं.

पुढच्या पुरवणीत असिस्टंट मुलींसाठी चार ओळी छापा, ठळक टाइपात: फिल्म बोटानं धरू नका, डॉक्टरांकडे होल्डर मागा, बटण दाबताना खोलीबाहेर व्हा.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, सोलापूर

(कृपया नाव छापू नये. भाचीच्या नोकरीचा प्रश्न आहे.)